ताईंनी पुसलेल्या हजार ओळी

मी लिहिलेला कोड कुणी पुसला की मला आजही राग येतो. वय वाढलं, पद वाढलं, पण तेवढं एक सुटलेलं नाही. तरी माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा कोड, हजाराच्या वर ओळींचा, एका बाईने माझ्या डोळ्यांदेखत पुसून टाकला, आणि त्या दिवसाची आठवण आली की मला आजही त्यांना मनापासून नमस्कार करावासा वाटतो.

पुंडलिकनगरात एका तीन मजली घराच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. खाली मालकांचे आईवडील राहायचे, मधल्या मजल्यावर शिकवणी चालायची आणि वर आम्ही सहा जण वेबसाइट बनवायचो. दुष्काळाची वर्षं होती आणि शहर मात्र काही ऐकायला तयार नव्हतं. बायपासच्या पलीकडे शेतांत चुन्याच्या रेघा पडत होत्या, प्लॉट विकले जात होते, आणि त्या बिल्डरांच्या साइटी आमच्याकडेच यायच्या. ‘चोवीस तास पाणी’ ही ओळ मी स्वतःच्या हाताने इतक्या वेळा टाइप केली की शेवटी ती कुठून तरी उचलून चिकटवायला लागलो. आमच्या गल्लीतल्या नळाला तेव्हा पाच-सहा दिवसांनी पाणी यायचं.

मी वैजापूरकडचा. घरी कापूस, कांदा, आणि शहरात नोकरी करणारा मी पहिलाच. त्यामुळे नाक जरा वरच असायचं. आमच्या सहा जणांतल्या ताई देवगाव रंगारीच्या बाजूच्या. वडील तेव्हाही मेंढरं घेऊन हिंडायचे, भाऊ मिळेल त्या कामाला जायचे आणि ताईंनी वसतिगृहात राहून इंजिनिअरिंग केलं होतं. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठ्या. सगळे त्यांना ताई म्हणायचे, मालकसुद्धा. त्या ऑफिसच्या दाराबाहेर चप्पल काढून आत यायच्या, बिल्डर समोर बसलेला असला तरी गावाकडचंच बोलायच्या आणि दुपारी डबा उघडला की अर्धी भाकरी न विचारता आमच्या ताटात टाकायच्या. मला सुरुवातीला त्यांच्या बोलण्याची थोडी लाज वाटायची. हे लिहायलाही आता लाज वाटते, पण वाटायची.

आमच्या सगळ्या साइटी एकाच सांगाड्यावर उभ्या होत्या. त्याला फ्रेमवर्क म्हणतात. लोक ब्राउझरमध्ये बटण दाबतात, ती मागणी आमच्या सर्व्हरकडे येते, ती नीट वाचून योग्य त्या जागी पोचवायची हे त्या सांगाड्याचं काम. त्यातला मागणी वाचण्याचा भाग माझ्याकडे होता. अडचण अशी की तेव्हा ब्राउझर शंभर तऱ्हेचे. कुणी तारीख उलटी पाठवायचा, कुणाला मराठी अक्षरं झेपायची नाहीत, फोनवरचे तर आणखी वेगळे. मी त्यावर एक जंगी उपाय काढला होता. मागणी आली की आधी ब्राउझर कोणता ते ओळखायचं आणि मग प्रत्येकासाठी वेगळी वाट. अमका असेल तर असं, तमका असेल तर तसं, तमक्याची जुनी आवृत्ती असेल तर आणखी तिसरंच. फाइल वाढत वाढत हजार ओळींच्या पुढे गेली. ती माझ्याशिवाय कुणाला कळायची नाही आणि मला त्याचाच अभिमान होता.

“लई दारं केलीस रे,” ताई एकदा माझ्या खांद्यावरून बघत म्हणाल्या होत्या. “मेंढरं जाळीत घेताना आमच्यात एकच तोंड ठेवत्यात. दहा तोंडं ठेवली तर दहा माणसं उभी करावी लागत्यात, अन् तरी एखादं हुकतंच.”

“ताई, हे मेंढरांचं काम नाही,” मी म्हणालो.

“व्हय, ते बी खरंच,” असं म्हणून त्या आपल्या जागेवर गेल्या. रागावल्या नाहीत. मी मात्र दिवसभर आपण कसं उत्तर दिलं म्हणून खूश होतो.

त्या उन्हाळ्यात आम्हाला एका तालुक्याच्या कचेरीचं काम मिळालं. तालुक्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. गावागावांतून टँकरची मागणी यायची, ग्रामसेवक कागद घेऊन कचेरीत यायचे आणि तिथले ऑपरेटर ती मागणी आमच्या साइटवर भरायचे. वरचे साहेब ती मंजूर करायचे की टँकर निघायचा. काम साधं होतं आणि महिनाभर नीट चाललं. मग मी ते सुंदर करायला घेतलं. अर्जाच्या पानाखाली ‘नोंदवा’ आणि ‘रद्द करा’ अशी दोन करड्या रंगाची जुनाट बटणं होती. ती काढून मी नव्या पद्धतीची, गोल कडांची, शेजारी चित्रं असलेली बटणं बसवली. दाबल्यावर एक संदेश यायचा, तोही मीच लिहिला होता: ‘आपली कृती यशस्वीरीत्या नोंदवण्यात आली आहे.’ सरकारी कामाला शोभेल असं मराठी लिहिल्याचा मला केवढा आनंद झाला होता! अर्ज नोंदवला काय किंवा रद्द केला काय, दोन्हींना तोच संदेश पुरतो हीसुद्धा मी हुशारीच समजत होतो.

दहा-बारा दिवसांनी कचेरीतून पत्र आलं. एका मंडळातल्या सात-आठ गावांच्या मागण्या साइटवर रद्द दिसत होत्या. टँकर गेलेच नव्हते. सरपंच कचेरीत येऊन बसले होते. या मागण्या कुणी रद्द केल्या, एवढंच कचेरीने विचारलं होतं.

मी लॉग उघडला. लॉग म्हणजे सर्व्हरवर कोणी काय केलं त्याची आपोआप होणारी नोंद. प्रत्येक अर्जासमोर एकाच ऑपरेटरचं खातं आणि पुढे ‘रद्द’. मला विचार करायला काहीच उरलं नव्हतं. चहा गार व्हायच्या आत मी उत्तर लिहून पाठवलं: ‘सदर अर्ज संबंधित ऑपरेटरने स्वतः रद्द केल्याचे प्रणालीच्या नोंदींवरून दिसून येते.’ ताई त्या दिवशी सुट्टीवर होत्या. असत्या तर मी त्यांना विचारलं असतं का? नसतं विचारलं.

तीन-चार दिवसांनी ऑफिसच्या फोनवर त्या ऑपरेटर बाईंचा फोन आला. ताईंनी उचलला. मी समोरच होतो. ताई फक्त “हं” आणि “बोला बाई” एवढंच म्हणत होत्या, पण बऱ्याच वेळाने फोन ठेवला तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. त्या बाई कंत्राटावर होत्या. नवरा आजारी, दोन मुली शिकायला. माझं पत्र नायब तहसीलदारांनी सगळ्या कचेरीसमोर वाचून दाखवलं होतं आणि महिनाअखेर काम बंद अशी नोटीस त्यांच्या हातात दिली होती. गावांचं पाणी अडवणारी बाई म्हणून लोक त्यांच्याकडे बोट दाखवत होते.

“ती म्हणती, मी रद्दचं बटण एकदा बी दाबलं नाय,” ताई म्हणाल्या.

“सगळे असंच म्हणतात. लॉगमध्ये स्वच्छ आहे.”

“चल, जाऊन बघू.”

“ताई, मशीन खोटं बोलत नाही.”

“मशीनला कुठं बोलता येतं? बोलतोस तर तूच,” त्या म्हणाल्या आणि पायात चप्पल सरकवली. मी तोंड पाडून त्यांच्यामागे निघालो. एस.टी.त दोन तास आम्ही शेजारी बसलो आणि मी खिडकीबाहेर बघत राहिलो. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. ढेकळं होती, रस्त्याकडेला रिकाम्या घागरींची रांग होती, आणि पुढच्या गावाला पुन्हा तीच रांग होती.

कचेरीत त्या बाई कोपऱ्यातल्या टेबलाशी बसल्या होत्या. पन्नाशीच्या, बारीक, कपाळावर घाम. मी गेल्या गेल्या माउस हातात घेतला असता. ताईंनी मला थांबवलं, एक स्टूल ओढलं आणि बाईंच्या मागे बसल्या. “तुमचं रोजचं काम करा बाई. आम्ही काय विचारत नाय, नुसतं बघतो.”

मी ताईंना असं बसलेलं त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. पाऊण तास त्या हलल्या नाहीत. ग्रामसेवक यायचा, कागद द्यायचा. बाई आधी तो मजकूर एका जाड वहीत जसाच्या तसा उतरवायच्या, कागदावर चूक असेल तर चुकीसकट, आणि त्याखाली ग्रामसेवकाची सही घ्यायच्या. मग संगणकाकडे वळायच्या.

“ही वही साहेबांना दाखवली नाय का?” ताईंनी विचारलं.

“दाखवली की. म्हणले, वही तुमची तुम्ही लिहिलेली, कॉम्प्युटरमधी रद्दच दिसतंय.”

“अन् आधी वहीत कशापायी लिहिता?”

“आलं तसं आधी लिहून घ्यायचं, मॅडम. मग त्याचं काय करायचं ते बघायचं. माझ्या सासऱ्यांनी शिकवलं. ते टपाल सांभाळायचे.”

ताईंनी हे ऐकलं आणि माझ्याकडे पाहिलं. का पाहिलं ते मला तेव्हा कळलं नाही.

मग बाईंनी एका गावची मागणी साइटवर भरली, बाण ‘नोंदवा’वर नेला, आणि आम्हा दोघांच्या डोळ्यांसमोर ते एकदाच दाबलं. पडद्यावर माझा संदेश आला: आपली कृती यशस्वीरीत्या नोंदवण्यात आली आहे. मी माझ्या लॅपटॉपवर तो अर्ज उघडला. समोर ‘रद्द’ लिहिलं होतं. मी पान पुन्हा उघडलं. तेच.

बाईंचा संगणक कचेरीतला सगळ्यात जुना. डेडस्टॉकच्या, म्हणजे सरकारी सामानाच्या, रजिस्टरात चढलेला, त्यामुळे मोडेपर्यंत बदलता येणार नाही असा. त्यावरचा ब्राउझरही तेवढाच जुना आणि तो काढता येत नव्हता, कारण कचेरीचं दुसरं एक काम फक्त त्याच्यावरच चालायचं. बाकीच्या ऑपरेटरांकडे नवी यंत्रं होती, म्हणून त्यांना कधी काही झालं नाही. त्या जुन्या ब्राउझरचं नाव माझ्या फाइलीत होतं की! त्याच्यासाठी सत्तर-ऐंशी ओळी होत्या. पण मी ते तपासलं होतं ते माझ्या चकचकीत ब्राउझरला जुन्याचं सोंग घ्यायला लावून. खरा जुना ब्राउझर मी डोळ्यांनी पाहिलाच नव्हता.

ताईंनी तिथेच बसून चार ओळींचं एक पान लिहिलं. त्याचं काम एवढंच, की ब्राउझरकडून जे येईल ते न चाळता पडद्यावर दाखवायचं. बाईंनी पुन्हा ‘नोंदवा’ दाबलं. पडद्यावर दोन्ही बटणांची नावं आली. त्या ब्राउझरची खोडच ती होती. नव्या पद्धतीची बटणं असली की दाबलेलं कुठलंही असो, तो पानावरची सगळी बटणं पाठवून द्यायचा. आणि माझा कोड आधी ‘रद्द’ आहे का ते बघायचा, सापडलं की तेवढंच उचलायचा, बाकीचं टाकून द्यायचा. लॉगमध्येही मग तेवढंच लिहायचा.

“तुझा लॉग काय आलं ते लिहीत नाय,” ताई हळू आवाजात म्हणाल्या, बाईंना ऐकू जाणार नाही इतक्या हळू. “तुला काय वाटलं ते लिहितोय.”

मला त्या शब्दांनी जितकं लागलं तितकं मालकांच्या शिव्यांनीही कधी लागलं नाही. मी ज्याला साक्षीदार म्हणत होतो तो माझाच आवाज होता.

त्या दुपारी ताईंनी बाईंना माझ्या लॅपटॉपवर बसवलं आणि वहीतून अडकलेल्या सगळ्या गावांच्या मागण्या पुन्हा भरून घेतल्या. दुसऱ्या दिवशी टँकर निघाले. पण नोटीस तशीच राहिली. साहेब रजेवर गेले होते आणि बाईंच्या नावावर लागलेलं माझं पत्र फाइलमध्ये होतं.

परत आल्यावर मला वाटलं, दोन ओळी बदलू, काम भागेल. त्या ब्राउझरसाठी आणखी एक ‘असेल तर’ घालू. ताईंनी मान हलवली. माझ्या शेजारी खुर्ची घेतली आणि माझी फाइल उघडली.

“हा कोण ब्राउझर हाय, हे आपण का विचारतोय?”

“म्हणजे त्याला हवं तसं देता येतं.”

“अन् ज्याचं नाव तुझ्या यादीत नाय त्याचं काय? उद्या नवा येईल, त्याला बी ओळखत बसायचं?” असं म्हणून त्यांनी पहिली पन्नास ओळींची थप्पी निवडली आणि पुसली. मी उठून गच्चीत गेलो, टाकीवर उगाच टकटक करून पाणी किती आहे ते पाहिलं आणि परत आलो तर निम्मी फाइल गेली होती. मी त्यांच्याशी दीड दिवस बोललो नाही. त्यांनी भाकरी मात्र नेहमीसारखीच ताटात टाकली.

चार दिवसांनी त्यांनी जे उभं केलं ते मी आज माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना दाखवतो. छापलं तर दोन पानं होतील. मागणी कुठूनही येवो, आत यायची वाट एकच. आल्याबरोबर ती जशी आली तशी लिहून ठेवायची, अगदी त्या बाईंच्या वहीसारखी, चुकीसकट. मग ती वाचायची. दोन अर्थ निघत असतील तर स्वतः ठरवायचं नाही, माणसाला परत विचारायचं. ब्राउझरला त्याचं नाव विचारायचंच नाही, फक्त जे अगदी जुन्यालाही जमतं तेवढ्यावर पान उभं करायचं. आणि एका पानावर एकच काम. ‘रद्द करा’ त्यांनी वेगळ्या पानावर नेलं आणि तिथे अर्जातला गावाचा, तारखेचा मजकूर पुन्हा दाखवून मगच विचारलं. माझा लाडका संदेशही गेला. त्याच्या जागी आलं: ‘अमुक गावाची टँकरची मागणी नोंदवली.’ रद्द केली तर ‘रद्द केली.’ शेंबड्या पोरालाही कळेल असं.

तपासायला त्यांनी कुणाला सोंग घ्यायला लावलं नाही. खालच्या आजोबांचा बटणांचा फोन आणला, चहावाल्याचा आणला, आणि भंगारवाल्याकडून तसाच जुना संगणक दोन दिवसांसाठी मागून आणून टेबलावर मांडला. सगळ्यांवर पान उघडलं. कुठे देखणं, कुठे ओबडधोबड, पण उघडलं, आणि दाबलं तेच पोचलं. मी माझी बुद्धी एवढे दिवस वाटा वाढवण्यात घातली होती. वाटा कमी करायला किती जास्त बुद्धी लागते ते मला त्या टेबलाशी उभं राहून कळलं, आणि माझा राग कुठे गेला ते मलाच समजलं नाही. ताईंचं मला अपार कौतुक वाटलं. आजही वाटतं.

मालकांनी कचेरीला कळवायचा मजकूर तयार केला होता: प्रणालीत सुधारणा केली आहे, एवढंच.

“मग त्या बाईचं काय?” ताईंनी विचारलं.

“चूक कबूल केली तर काम जाईल, ताई.”

“काम तिचं बी चाललंय.”

मालक वाईट माणूस नव्हता. पेन टेबलावर ठेवून म्हणाला, “लेटरहेड घ्या. पण सही तुमची.” ताईंनी पत्र लिहिलं, सही केली, आणि महिना संपायला तीन दिवस असताना आम्ही पुन्हा एस.टी.त बसलो.

नायब तहसीलदार परत आले होते. त्यांनी पत्र उभ्या उभ्या वाचलं, “ठीक आहे, फाइलला लावतो, नोटीस मागे घेऊ,” असं म्हणाले आणि घडी घातली. आम्ही वळणार तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला.

“साहेब, आधीचं पत्र समद्यांसमोर वाचलं व्हतं. हे बी वाचा.”

बाई उभ्या राहिल्या होत्या. कचेरीतली टाइपिंगची टकटक थांबली. बाकावर बसलेले ग्रामसेवक वर बघू लागले. साहेब जरा अवघडले, मग पत्र आमच्यापुढे धरून म्हणाले, “तुमचंच आहे, तुम्हीच वाचा.” ताईंनी हात पुढे केला. तो पोचायच्या आत मी पत्र घेतलं.

ताईंचं मराठी सरळ होतं. काय घडलं, जुन्या ब्राउझरने काय पाठवलं, आमच्या सांगाड्याने काय वाचलं, ऑपरेटरने प्रत्येक वेळी बरोबर बटण दाबलं होतं. मग शेवटची ओळ आली: ‘ही चूक आमच्या कंपनीची आहे.’ माझं नाव त्यांनी कुठेही येऊ दिलं नव्हतं. मला ते त्या क्षणी कळलं. मी कागद खाली घेतला. “कंपनीची नाही,” मी म्हणालो, “चूक माझी आहे. कोड मी लिहिला होता. आणि बाईंनी रद्द केले असं आधीचं पत्रही मीच लिहिलं होतं. न तपासता.”

ताई जमिनीकडे बघत होत्या. बाई टेबलामागून चालत माझ्यापर्यंत आल्या आणि त्यांच्या हातातलं पेन त्यांनी मला दिलं.

“आत्ता बोललात ते खाली लिहून द्या, साहेब. अन् सही करा.”

मी भिंतीला कागद टेकवून उभ्याने लिहिलं. अक्षर वाईट आलं. बाईंनी ते पूर्ण वाचलं, पत्र साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवलं आणि आपल्या जागी जाऊन बसल्या. पदराने कपाळ पुसलं, आणि बाकावरच्या पहिल्या माणसाला म्हणाल्या, “हं, या भाऊ. गाव कोणतं?”